पाणी किती फुटावर? टोकाच्या विचारातून बाहेर येण्याची पद्धत

पावसाळ्यात कोल्हापुरात ‘पूर आलाय का?’ असं फारसं कुणी विचारत नाही. ‘पाणी किती फुटावर?’ असं विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजली जाते. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. तिशीत पाणी असेल तर लोक गाडी काढून ते बघायला जातात. अजून वाढलं की नदीकाठचा दुकानदार खालच्या फळीवरचा माल वर सरकवायला लागतो. ३९ जवळ आलं की सुतारवाड्यातली कुटुंबं हलवायची चर्चा सुरू होते. २०१९ आणि २०२१ चा महापूर बघितलेल्या शाळकरी पोरालाही हे आकडे तोंडपाठ आहेत.

स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलताना मात्र हाच माणूस फूटपट्टी फेकून देतो. पोरगा एकतर ‘नाद खुळा’, नाहीतर ‘हातचा गेला’. भाऊ एकतर देवमाणूस, नाहीतर वैरी. पथ्य एकतर कडक, नाहीतर मिसळीवर तीनदा कट. एक घाव दोन तुकडे करणाऱ्याला आपल्याकडं मान आहे, आणि खरं सांगायचं तर मलाही तसा माणूस आवडतो. त्याच्याशी बोलताना अंदाज बांधत बसावं लागत नाही. पण हा घाव तो स्वतःवर, बायकोमुलांवर आणि वीस वर्षांच्या मैत्रीवरही घालत असेल, तर तुकडे गोळा करायचं काम फार मोठं होऊन बसतं.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात अ‍ॅरन बेक हे मनोविकारतज्ज्ञ १९६० च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांचं बोलणं बारकाईनं ऐकत होते. त्यांना या रुग्णांच्या विचारांत काही ठरावीक चुका पुन्हा पुन्हा दिसल्या. ‘सगळं किंवा काहीच नाही’ ही त्यातली एक ठळक चूक. त्याआधी १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये आल्बर्ट एलिस यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची मांडणी सुरू केली होती. महाराष्ट्रात ती रुजवण्यात कि. मो. फडके यांचा मोठा वाटा आहे. पुढं दिलेली पद्धत मुख्यतः या दोन परंपरांमधली आहे. टोकाचा विचार हा काही आजार नव्हे, तो सगळेच करतात. त्याचं प्रमाण वाढलं आणि त्यातून निर्णय व्हायला लागले की त्रास सुरू होतो.

त्यासाठी एक वही, एक पेन आणि दोन-तीन आठवडे लागतील. मोबाइलवर लिहिलं तरी चालेल, पण वहीत लिहिलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी जास्त परकं दिसतं, आणि ते परकं दिसणंच आपल्याला हवं आहे.

पहिल्या आठवड्यात फक्त नोंद

या आठवड्यात काहीही बदलायचं नाही. दिवसातून एक-दोनदा, मन एकदम तापलं किंवा एकदम खचलं की तीन रकान्यांत तीन गोष्टी लिहायच्या. काय घडलं, मनात नेमकं कोणतं वाक्य आलं, आणि त्यानंतर आपण काय केलं. वाक्य जसंच्या तसं लिहा, शिवी असली तर शिवीसकट. सभ्य करून लिहिलं की त्यातला मुद्दाच निघून जातो.

मग शब्दांवर खुणा करा. नेहमी, कधीच, सगळं, काहीच, कुणीच, पार, साफ, अजिबात, शंभर टक्के, वाटोळं. ब्रिटनमधल्या रीडिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी इंटरनेटवरच्या चर्चागटांतलं लिखाण तपासलं होतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चिंता आणि नैराश्याच्या गटांत असे निरपवाद शब्द इतर गटांपेक्षा जास्त आढळले, आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांच्या गटांत त्याहूनही जास्त. म्हणून वहीत ‘पार’ आणि ‘साफ’ यांची गर्दी दिसली तर ती बोलण्याची लकब म्हणून सोडून देऊ नका. अर्थात कोल्हापुरी बोलीत ‘लई’ आणि ‘एकदम’ हे मिठासारखे पडतात. कट्ट्यावर ‘एकदम बंडल पिक्चर’ म्हणणं आणि रात्री एकट्यानं ‘मी एकदम बंडल आहे’ म्हणणं यातला फरक तिसऱ्या रकान्यात कळतो. पहिल्यानंतर तुम्ही चहा प्यायलात. दुसऱ्यानंतर दोन दिवस फोन उचलला नाहीत.

काही वाक्यांत टोक लपलेलं असतं. ‘मला इंग्रजी येत नाही’ या वाक्यात ‘अजिबात’ हा शब्द नाही, पण अर्थ तोच आहे. ‘लोक काय म्हणतील’ यातले लोक म्हणजे सगळे लोक. ‘माझ्याच वाट्याला का?’ हा प्रश्न वाटतो. त्याचं विधान करून बघा, ‘माझ्या वाट्याला नेहमी वाईटच येतं.’ प्रश्नाचं विधान केलं की तपासता येतं.

आठवड्याच्या शेवटी नोंदींच्या वेळा बघा. बऱ्याच जणांची टोकाची वाक्यं ठरावीक वेळेला येतात. रात्रपाळी करून आल्यावर, जेवण लांबल्यावर, झोप मोडल्यावर, ठरावीक नातेवाइकाचा फोन येऊन गेल्यावर. दमलेलं मन झटपट निकाल लावतं. तेव्हा एक साधा नियम आत्ताच लावून घ्या. आपल्या त्या वेळेला कुणाबद्दलही, स्वतःबद्दलही, निकाल द्यायचा नाही. निकाल उद्या अकरा वाजता.

दोन टोकांच्या मध्ये फुटांच्या खुणा करणं

या पद्धतीचा गाभा हाच आहे, आणि इथंच घाई होते.

समजा, शिरोली एमआयडीसीत एकाचं छोटं मशिन शॉप आहे. एक लॉट रिजेक्ट होऊन परत आला. रात्री वहीत वाक्य आलं, ‘मला धंदा जमत नाही, सगळं बुडालं.’ आता पानावर एक आडवी रेघ मारायची. डाव्या टोकाला शून्य, उजव्या टोकाला शंभर. पण नुसते आकडे लिहून भागत नाही. प्रत्येक खुणेला डोळ्यांना दिसेल असं वर्णन लागतं.

शून्य म्हणजे काय? बँकेनं शेडला सील ठोकलंय, कामगारांचे पगार सहा महिने थकलेत, एकही ग्राहक फोन घेत नाही. शंभर म्हणजे? एकही जॉब कधी परत येत नाही, प्रत्येक पेमेंट तारखेला जमा होतं, मशिन कधी बंद पडत नाही. हे लिहिताना त्या माणसाला स्वतःलाच हसू येतं, कारण असा शंभरावरचा कारखाना उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात कुणीच बघितलेला नाही. मग पंचवीसची खूण: मोठा ग्राहक गेला, पण मशिन चालू आहेत. पन्नासची: खर्च निघतो, हातात काही उरत नाही. पंचाहत्तरची: बहुतेक लॉट पास होतात, वर्षातून एखादा परत येतो, हप्ते वेळेवर जातात.

आता विचारायचं, आज पाणी किती फुटावर? एक लॉट परत आला, ग्राहकानं शिव्या घातल्या, पण पुढची ऑर्डर रद्द केलेली नाही. पगार झालेत. हा माणूस साठ-बासष्टवर आहे. शून्यावर तर नाहीच.

बहुतेक जण इथंच थांबतात आणि बरं वाटलं म्हणून वही मिटतात. पुढचा प्रश्न जास्त कामाचा आहे. सत्तरवर गेलो तर काय वेगळं दिसेल? उत्तर शक्यतो छोटं आणि हाताला लागणारं हवं. ‘पहिला पीस तपासल्याशिवाय लॉट लावायचा नाही’, ‘ड्रॉइंगमध्ये बदल झालाय का हे ग्राहकाकडून लिहून घ्यायचं’. ‘सगळं बुडालं’ या वाक्यातून कोणतंच काम निघत नाही. ‘साठवरून सत्तरवर’ यातून सोमवारचं काम निघतं.

मग नदीसारख्याच इशारा आणि धोका या दोन खुणा आपल्या रेघेवरही करायच्या. पंचेचाळीसच्या खाली आलो तर सीएशी बसायचं. तीसच्या खाली आलो तर एक मशिन विकायचा विचार करायचा. संतुलित विचार म्हणजे निर्णय टाळणं, असा एक समज आहे. पंचगंगेच्या पातळीनं तो केव्हाच खोडून काढलाय. मधले फूट मोजले जातात म्हणून तर माणसं वेळेवर हलवता येतात. पूर आला आणि पूर नाही एवढ्या दोनच नोंदी ठेवल्या असत्या, तर रोज उगाच पळापळ तरी झाली असती, नाहीतर पाणी घरात शिरल्यावर जाग आली असती.

रेघ आखताना काही चुका हमखास होतात. शून्य फार जवळ ठेवलं जातं. नेहमीचा वाईट दिवस म्हणजेच शून्य. शंभरवर स्वतःचं स्वप्न असतं आणि तुलनेला सगळ्यात यशस्वी मावसभाऊ. काही जण प्रत्येक वेळी पन्नास लिहून मोकळे होतात, कारण वाद नको. पन्नासला पन्नासच का, अठ्ठेचाळीस का नाही, हे एका ओळीत लिहा. ते जमलं नाही तर आकडा खोटा आहे. आणखी एक, ‘मी चांगला बाप आहे का?’ अशा मोठ्या प्रश्नाला एक रेघ पुरत नाही. वेळ देणं, फी भरणं, आवाज चढवणं, ऐकून घेणं, दिलेला शब्द पाळणं, अशा पाच रेघा मारा. एकीवर ऐंशी आणि दुसरीवर तीस निघतं. तीस आवाज चढवण्याच्या रेघेवर असेल तर काम तिथं आहे. बाप म्हणून साफ नापास असल्याचा निकाल आपोआप गळून पडतो.

माणूस आणि त्याचं वागणं वेगळं काढणं

भावकीतला वाद घ्या. बांधावरून बोलणं बंद झालंय. वहीत वाक्य आहे, ‘धाकटा पहिल्यापासनंच स्वार्थी.’ यातला ‘पहिल्यापासनंच’ हा शब्द मागचा सगळा इतिहास एका रात्रीत नव्यानं लिहून काढतो. आई सीपीआर रुग्णालयात असताना तो रात्री थांबला होता, हे त्या इतिहासात बसत नाही म्हणून आठवतच नाही.

एलिस यांचा आग्रह असा की कृतीला गुण द्यावेत, माणसाला देऊ नयेत. करून बघायला सोपं आहे. त्या माणसाच्या नावाखाली सहा-सात प्रसंग लिहा, त्यातले किमान दोन आपल्या मताच्या विरुद्ध जाणारे. प्रत्येक प्रसंगासमोर, त्या वेळी तो कसा वागला, एवढंच. शेवटी बेरीज करायची नाही. बेरीज केली की पुन्हा एकच निकाल लागतो.

या भागात तरी ही कल्पना परकी नाही. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात मराठी जैन समाज मोठा आहे, शहरात लक्ष्मीसेन मठ आहे. जैन दर्शनातला अनेकांतवाद हेच सांगतो की वस्तूला अनेक अंगं असतात आणि कोणतंही विधान एका विशिष्ट अपेक्षेनं खरं असतं. त्यातला वहीत उतरणारा भाग म्हणजे एक प्रश्न: ‘कोणत्या अंगानं?’ धाकटा स्वार्थी आहे. कोणत्या अंगानं? बांधाच्या बाबतीत, हो. आईच्या बाबतीत, नाही. पैशाच्या बाबतीत, २०१९ पर्यंत नाही, त्यानंतर हो. एवढं लिहून झाल्यावरही बांधाचा वाद तसाच उभा असतो आणि कदाचित मोजणी आणावीच लागते. पण मोजणी आणणं वेगळं, आणि पुतणीच्या लग्नाला न जाणं वेगळं.

वाक्य पुन्हा लिहिणं

आता मूळ वाक्याच्या खाली नवीन वाक्य लिहायचं. इथं लोक एकदम दुसऱ्या टोकाला उडी मारतात. ‘मी निरुपयोगी आहे’ खोडून ‘मी सर्वोत्तम आहे’ लिहितात. मनाला ते पटत नाही आणि दुपारपर्यंत जुनं वाक्य परत येतं. नवीन वाक्याची कसोटी एकच, ते वाचून आपल्याला ‘बरोबर आहे’ असं वाटलं पाहिजे, छान वाटलं नाही तरी चालेल.

‘पण’च्या जागी ‘आणि’ घालून बघा. ‘मी अभ्यास केला पण पूर्वपरीक्षा निघाली नाही’ या वाक्यात पहिला भाग पुसला जातो. ‘मी अभ्यास केला आणि पूर्वपरीक्षा निघाली नाही’ यात दोन्ही शिल्लक राहतात, मग कुठल्या विषयात गुण गेले हे बघायला जागा होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहॅन यांनी विकसित केलेल्या उपचारपद्धतीचा पायाच असा आहे: स्वतःला आहे तसं स्वीकारणं आणि स्वतःत बदल करणं, दोन्ही एकाच वेळी.

मुद्दाम अर्धंच करणं

वहीतला बदल वागण्यात उतरला नाही तर वही कपाटात जाते. इथं आहाराचं उदाहरण सगळ्यांना लागू पडतं. पथ्य सुरू आहे, रविवारी पाहुणे आले, तांबडा-पांढरा झाला, सुकं झालं. ‘मोडलंच आहे तर आता खाऊनच घेऊ, सोमवारपासून बघू.’ १९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या संशोधकांनी नेमकं हेच प्रयोगात पाहिलं. आधी मिल्कशेक प्यायला दिल्यावर, खाण्यावर बंधन न ठेवणारे लोक नंतर आइस्क्रीम कमी खात होते. सतत बंधन ठेवणारे मात्र उलट जास्त खात होते. एकदा मोडलं की सगळंच मोडलं, हा हिशेब त्यांना महाग पडला.

म्हणून चूक होण्याआधीच चुकीनंतरची पहिली कृती ठरवून ठेवायची. ‘रविवारी जास्त खाल्लं, तर रात्री रोजचंच जेवायचं, उपाशी राहायचं नाही.’ ‘सकाळी रंकाळ्याला पूर्ण फेरी जमली नाही, तर तांबट कमानीपासून दहा मिनिटं चालून यायचं.’ ज्यांना सगळं नेटकं लागतं त्यांनी आठवड्यातून एक काम मुद्दाम ऐंशी टक्क्यांवर सोडावं. घर आवरलं, माळा राहू दे. मेसेज एकदाच वाचून पाठवून दे. अंग चुरचुरतं, ते होऊ द्यावं. त्यानंतर खरोखर काय घडलं ते वहीत लिहायचं. बहुतेक वेळा काहीच घडत नाही, आणि ते स्वतःच्या अक्षरात वाचल्याशिवाय पटत नाही.

दुसऱ्याशी बोलताना

हे शिकलेला माणूस पहिल्या आठवड्यात घरच्यांना शिकवायला लागतो, आणि तिथंच भांडण होतं. चिडलेल्या माणसाला ‘तू टोकाचा विचार करतोयस’ म्हणणं हाही एक निकालच आहे. आधी भावना मान्य करायची, मग एखादा आकडा किंवा प्रसंग विचारायचा. समजा, धाकटी बहीण सासरचं गाऱ्हाणं घेऊन अक्काकडं आली.

‘अक्का, ह्या घरात माझं कुणी ऐकतच न्हाई.’
‘लई लागलंय की तुला आज. कशावरनं झालं?’
‘हॉलच्या रंगावरनं. मी बोलतोय, तर सासूबाई उठूनच गेल्या.’
‘आणि गेल्या महिन्यात पोरीच्या शाळेचं?’
‘ते... ते माझंच ऐकलं त्यांनी.’

अक्कानं इथं थांबावं. ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ हे वाक्य गिळावं.

मुलांच्या निकालाच्या दिवशी ‘पास का नापास’, ‘किती टक्के’ याच्या पुढं एक प्रश्न विचारता येतो: ‘कोणता पेपर तुला वाटला त्याच्यापेक्षा वेगळा गेला?’ फुटबॉलच्या हंगामात पेठेचा संघ हरला तर मात्र पोरांना असं काही विचारू नये. तो दिवस जाऊ द्यावा.

जिथं रेष हवीच

सगळ्याच गोष्टींना साठ-सत्तर नसतं. पिऊन गाडी चालवणं, मारहाण, मुलांशी लैंगिक गैरवर्तन, लाच मागणारा, धमकी देणारा. इथं ‘त्याचीही बाजू असेल’ हे वाक्य बहुतेक वेळा कमजोर माणसाच्या विरोधात वापरलं जातं. मार खाणाऱ्या बाईला ‘तो इतर वेळी चांगला वागतो ना’ असं सांगणं म्हणजे संतुलन नव्हे. तो इतर वेळी चांगला वागतही असेल आणि तरीही आजची रात्र तिनं तिथं काढणं सुरक्षित नसेल. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत.

दारू सोडलेल्या माणसाच्या बाबतीत दोन्ही लागतं. ‘एक पेग चालतो’ म्हणणारी मधली खूण त्याच्यासाठी धोक्याची, म्हणून न पिण्याची रेष स्पष्टच हवी. पण एकदा पाय घसरला तर ‘सगळं वाया गेलं’ म्हणून आठवडाभर पीत राहायचं नाही. त्याच संध्याकाळी आपल्या गटातल्या माणसाला फोन करायचा. रेष कडक, चुकल्यानंतरचा हिशेब मोजून.

वही पुरत नाही तेव्हा

दोन-तीन आठवडे लिहूनही वाक्यं तशीच राहिली, झोप आणि भूक बिघडली, कामावर जाणं सुटलं, किंवा माणसं एका दिवसात देव आणि दुसऱ्या दिवशी राक्षस वाटू लागली आणि त्यात नाती तुटत चालली, तर हे एकट्यानं करायचं काम उरलेलं नाही. ‘मी नसलेलंच बरं’ असं वाक्य वहीत एकदा जरी आलं तरी पुढची पायरी गाळून थेट मदत घ्यायची. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलते. सीपीआर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, शहरात खासगी तज्ज्ञही आहेत. पहिल्या भेटीत काय सांगायचं हे सुचत नाही म्हणून बरेच जण जायचं टाळतात. वही सोबत न्या आणि तीन रकान्यांचं ते पान उघडून समोर ठेवा. डॉक्टर तिसऱ्या रकान्यापासून प्रश्न विचारायला लागतील.